सत्य देहगुहा आणि आभासी देहगुहा: पोकळी नको, अस्तर बघा

देहगुहा म्हणजे शरीरभित्ती आणि आतडं यांच्यामधली पोकळी. गांडुळाची देहगुहा सत्य, जंताची (म्हणजे गोलकृमीची) आभासी. इथपर्यंत सगळ्यांचं पाठ असतं. कारण विचारलं की गाडी अडते. "जंताची पोकळी अपुरी असते", "फार लहान असते", "खरं तर नसतेच" ही तिन्ही उत्तरं चूक आहेत, तरी नोट्समधून तीच उतरवली जातात. जंताची शरीरभित्ती आणि आतडं यांच्यामध्ये चांगली ऐसपैस, द्रवाने गच्च भरलेली जागा असते. पोकळी अगदी खरी आहे. "आभासी" हे नावच दिशाभूल करतं आणि "फसवी" तर त्याहून वाईट.

(आतड्याच्या आतली, अन्न जाण्याची पोकळी ही देहगुहा नव्हेच. ती बाजूला ठेवा.)

फरक अस्तराचा आहे. सत्य देहगुहा भ्रूणाच्या मध्यस्तरातच (पेशींच्या तीन थरांपैकी मधल्या थरात) तयार होते, म्हणून तिला दोन्ही बाजूंनी मध्यस्तराचं आवरण मिळतं: बाहेर शरीरभित्तीकडून आणि आत आतड्याकडून. आभासी देहगुहेत मध्यस्तर फक्त भित्तीला लागून असतो. आतड्याची बाजू उघडीच राहते.

आडवा छेद बाहेरून आत वाचत जा. गांडूळ: क्यूटिकल (सर्वांत बाहेरचं, पेशी नसलेलं आवरण), बाह्यत्वचा, वर्तुळाकार स्नायू, लांबीच्या दिशेचे स्नायू, पातळ अस्तर, पोकळी. पोकळी ओलांडली की पुन्हा अस्तर, पुन्हा स्नायूंचे दोन थर आणि मग आतड्याच्या पेशी. जंत: क्यूटिकल, अधस्त्वचा (क्यूटिकलखालचा थर), फक्त लांबीच्या दिशेचे स्नायू, पोकळी आणि थेट आतड्याच्या पेशींचा एकेरी थर. परीक्षेत आकृती काढताना जंताच्या आतड्याभोवती सवयीने दुसरं वर्तुळ काढलं, की अख्खी आकृती चुकली.

हा एक थर नसल्याने बरंच काही बदलतं. गांडुळाचं आतडं स्वतःच्या स्नायूंनी अन्न पुढे ढकलतं. जंताच्या आतड्याला ते जमत नाही. त्यात भोवतीच्या द्रवाचा दाब त्याला सतत चेपत असतो, म्हणून पुढची स्नायुमय ग्रसनी (घशाचा भाग) पंपासारखी चालून अन्न आत दाबते. सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स या छोट्या गोलकृमीचं सगळं आतडं 20 पेशींचं असतं. स्नायू म्हणाल तर मागच्या टोकाशी मोजकेच. विच्छेदनातही फरक लगेच हाताला कळतो. गांडूळ उघडताना प्रत्येक वलयातला आडपडदा सुईने तोडावा लागतो. जंतात आडपडदे नसतात आणि अवयवांना धरून ठेवणारी आंत्रबंधनंही नसतात. काप जरा खोल गेला की आतडं फाटतं आणि जननेंद्रियांची वेटोळी बाहेर येतात.

सत्य देहगुहा मध्यस्तर दुभंगून झाली की आद्य आतड्याच्या (भ्रूणातल्या सुरुवातीच्या आतड्याच्या) पिशव्यांतून, हा प्रश्न वेगळा. पहिला प्रकार गांडुळात, दुसरा तारामाशात. देहगुहा दोन्हीकडे सत्यच.

पोकळीच्या आकारावर भरवसा ठेवणाऱ्यांना झुरळ हमखास चकवतं. झुरळ उघडल्यावर दिसणारी मोठी पोकळी ही रक्तगुहा, म्हणजे रक्त खेळणारी पोकळी असते. त्याची सत्य देहगुहा आक्रसून जननेंद्रियांपाशी नावापुरती उरते. तरी झुरळासारखे संधिपाद (सांधेदार पायांचे) प्राणी सत्य देहगुहेच्या गटातच बसतात, कारण भ्रूणात मध्यस्तरातल्या देहगुहा रीतसर तयार होतात. गोगलगायीसारख्या मृदुकाय प्राण्यांचंही तेच: हृदयाभोवतीची पोकळी ही त्यांची उरलेली देहगुहा.

देहगुहा नसलेले, मग आभासी, मग सत्य अशी उत्क्रांतीची शिडी मात्र कृपा करून काढू नका. 1997 मध्ये जनुकीय तुलनेतून गोलकृमी कात टाकणाऱ्या संधिपादांच्या जवळ गेले. आभासी देहगुहेचेच रोटिफर (पाण्यातले सूक्ष्म प्राणी) गांडूळ आणि गोगलगायींच्या बाजूला बसतात, आणि देहगुहा नसलेले चपटे कृमीही त्याच बाजूला.