जपानी पगाराबद्दलचा जुना गैरसमज

‘जपानात नोकरी लागली की जन्माची ददात मिटली, पगार वर्षागणिक वाढतच जातो.’ हे आपण वर्षानुवर्षं ऐकत आलोय. ते खरं नाही. आजन्म नोकरी मुख्यतः मोठ्या कंपन्यांतल्या कायम कर्मचाऱ्यांच्याच वाट्याला आली. आज तिथले शंभरातले सुमारे 37 नोकरदार अर्धवेळ, कंत्राटी किंवा तात्पुरते आहेत, आणि त्यांत बायका जास्त, ही गोष्ट मला फार बोचते.

2024 च्या वसंतातल्या वाटाघाटींत कामगार संघटनांनी सरासरी 5 टक्क्यांहून जास्त वाढ मिळवली, 33 वर्षांतली सर्वांत मोठी. तरी महागाई वजा केल्यावर त्या वर्षीही पगार घटलाच, सलग तिसऱ्यांदा. 2025 च्या वसंतात पाच किलो तांदळाची पिशवी 4,000 येनांवर गेली, वर्षभरात जवळपास दुप्पट. पगारवाढ तिथेच जिरते.