मिनीयापोलिस : सुरुवातीची वसाहत आणि उद्योगवाढ

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातलं, मिसिसिपी नदीच्या वरच्या टप्प्यातलं शहर. एकोणिसाव्या शतकात आधी लाकूड आणि मग मैदा या दोन धंद्यांवर वाढलं, आणि साधारण १८८० ते १९३० या काळात जगातलं पिठाचं सगळ्यात मोठं केंद्र म्हणून ओळखलं गेलं. शहर इथेच का झालं याचं उत्तर सेंट अँथनी धबधब्यात आहे, कारण मिसिसिपीच्या अख्ख्या लांबीत मोठा म्हणावा असा धबधबा हा एकच.

धबधब्याची घडण आधी नीट समजून घ्यावी लागते, पुढचं बरंच काही त्यावरच ठरलं. वर चुनखडीचा कडक पण पातळ थर आणि त्याखाली सेंट पीटर नावाचा वालुकाश्म, जो इतका भुसभुशीत की नखानं खरवडला तरी सुटतो. पाणी खालचा दगड पोखरतं, वरची चुनखडी आधाराविना कोसळते आणि धबधबा एक पाऊल मागे सरकतो. हिमयुगाच्या शेवटी, म्हणजे अंदाजे १२,००० वर्षांपूर्वी तो आजच्या सेंट पॉल या शेजारच्या शहराजवळ होता असं भूवैज्ञानिक मानतात. चुनखडीचा थर वरच्या बाजूला थोड्या अंतरावर संपतो, म्हणजे धबधबा तिथपर्यंत सरकला असता तर उरले असते फक्त खळाळ.

इथले मूळ रहिवासी डकोटा लोक या जागेला ओवामनियोमनी म्हणतात, आणि धबधब्याखालचं एक छोटं बेट त्यांच्यासाठी पवित्र होतं. फ्रेंच मिशनरी लुई हेनेपिन १६८० मध्ये इथे आला आणि पादुआच्या संत अँथनीचं नाव देऊन गेला. उंची त्यानं बरीच फुगवून सांगितलेली दिसते, कारण अमेरिकी लष्करातला अधिकारी झेब्युलन पाईक यानं १८०५ मध्ये ती साडेसोळा फूट भरवली. (मधल्या सव्वाशे वर्षांत धबधबा मागेही सरकला होता हे खरं, पण तेवढ्यानं हा फरक भरून निघत नाही.) याच पाईकनं त्या वर्षी डकोटांकडून नदीकाठची जमीन घेणारा करार केला, त्यात रकमेची जागा कोरी होती आणि सिनेटनं नंतर तिथे २,००० डॉलर लिहिले. करार कायदेशीर होता का यावर आजही वाद आहे, आणि एवढ्या जमिनीची ही किंमत बघता तो वाद असणं रास्तच आहे.

१८१९ मध्ये सैन्य आलं आणि मिसिसिपी व मिनेसोटा या नद्यांच्या संगमावर किल्ला उभा राहिला, त्यालाच पुढे फोर्ट स्नेलिंग नाव पडलं. सैनिकांनी १८२० च्या दशकाच्या सुरुवातीला धबधब्यावर एक लाकूड कापायची आणि एक दळणाची गिरणी बांधली, इथल्या पाण्यावर चाललेला हा पहिला उद्योग. मूळ रहिवाशांशी झालेल्या १८३७ च्या करारांनी पूर्वेकडची जमीन मोकळी झाली आणि फ्रँकलिन स्टील यानं १८३८ मध्ये धबधब्याला लागून असलेल्या पूर्व काठावर दावा ठोकला, पण धरण आणि लाकूड कापायची गिरणी व्हायला १८४८ उजाडलं. त्या काठावरचं गाव सेंट अँथनी, १८४९ मध्ये आखलेलं. पश्चिम काठ मात्र लष्कराच्या राखीव हद्दीत होता. जॉन स्टीव्हन्स याला नदीवर फेरी चालवण्याच्या बदल्यात तिथे घर बांधायची परवानगी मिळाली आणि १८५० च्या सुमाराचं ते घर या काठावरच्या वस्तीचं पहिलं घर समजतात. बाकीचे परवानगी नसतानाच येऊन बसले, आणि १८५५ मध्ये त्यांचे दावे कायदेशीर झाले. त्याच वर्षी झुलता पूल झाला, मिसिसिपीच्या मुख्य प्रवाहावरचा हा पहिला कायमचा पूल. डकोटांना मात्र १८६२ च्या युद्धानंतर राज्यातून हाकलून दिलं, आणि हाकलण्याआधी, १८६२-६३ च्या हिवाळ्यात, फोर्ट स्नेलिंगखालच्या छावणीत कोंडलेल्या बायका, मुलं, म्हातारी माणसं मोठ्या संख्येनं दगावली. शहराच्या जुन्या इतिहासांत ही गोष्ट दोन ओळींत संपवलेली असते, ते बरोबर नाही.

नावाबद्दल दोन मतं आहेत. सगळीकडे सांगितलं जातं ते असं की चार्ल्स होग या शिक्षकानं १८५२ मध्ये डकोटा भाषेतलं पाणी आणि ग्रीक पोलिस म्हणजे नगर जोडून हे नाव सुचवलं. दुसरं मत श्रेय स्थानिक वृत्तपत्राचा संपादक जॉर्ज बोमन याला देतं. होगचं पत्र बोमनच्याच पेपरात छापून आलं होतं, त्यामुळे दोघांत बोलणं झालं असणार हे उघड आहे, पण छापील पुरावा होगच्या नावावर असल्यानं तेच मत धरून चालणं बरं. सुरुवातीच्या स्पेलिंगमध्ये मधे एक न उच्चारायचा ह होता, तो लवकरच गळाला.

१८५६ मध्ये दोन्ही काठांवर एकेक जलशक्ती कंपनी निघाली. पूर्वेची फ्रँकलिन स्टीलची, ती भांडणं आणि कर्जं यांत अडकत गेली. पश्चिमेची मिनीयापोलिस मिल कंपनी, जिच्यात कॅडवॉलेडर वॉशबर्न आणि त्याचा भाऊ विल्यम होते, तिनं धरणामागून कालवा काढला, त्याच्या दोन्ही बाजूंना गिरण्यांना जागा दिल्या आणि पाणी भाड्यानं द्यायला सुरुवात केली. मोजायचं माप मिल-पॉवर, म्हणजे सेकंदाला ३० घनफूट पाणी २२ फुटांवरून पडणारं, गणितानं सुमारे ७५ अश्वशक्ती. पाणी विहिरीसारख्या खड्ड्यातल्या टर्बाइनवर पडायचं आणि खालच्या बोगद्यातून नदीत परत जायचं. पश्चिम काठ पुढे का गेला याचं मोठं कारण हा कालवा, कारण गिरणी धबधब्याच्या तोंडाशीच असायला हवी ही अट त्यानं संपवली.

आता दळणाचा मुद्दा, जो सगळ्यात वादाचा आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. इथला गहू वसंतात पेरलेला, कडक दाण्याचा. त्याचं साल ठिसूळ, दगडाच्या जात्यात भरभर आणि चिकटून दळलं की सालाचा चुरा पिठात मिसळायचा आणि मैदा काळपट पडायचा, त्यामुळे बाजारात हिवाळी गव्हाच्या मैद्यापेक्षा तो स्वस्तात जायचा. उपाय असा की जात्याचा वरचा दगड थोडा उचलून धरायचा, जातं सावकाश फिरवायचं, म्हणजे दाण्याचा आधी रवा पडतो. पण त्या रव्यात कोंड्याचे बारीक कण राहतातच, आणि नुसत्या चाळणीनं ते जात नाहीत कारण आकार तोच असतो. वजन मात्र वेगळं असतं. आपल्याकडे सुपात पाखडताना फोलपट उडून पुढे जातं आणि दाणा मागे राहतो, नेमकं तेच तत्त्व प्युरिफायर नावाच्या यंत्रात वापरलं : हलणाऱ्या रेशमी चाळणीवरून रवा सरकत जातो, खालून हवेचा झोत येतो, कोंडा उडतो, स्वच्छ रवा खाली पडतो आणि तो पुन्हा दळला की पांढराशुभ्र, चिवट कणकेचा मैदा मिळतो.

याचा शोध कोणी लावला? वॉशबर्नच्या बी मिलमध्ये जॉर्ज ख्रिश्चन व्यवस्थापक असताना १८७०-७१ च्या सुमारास एडमंड लाक्रोआ या मूळच्या फ्रेंच माणसानं हे यंत्र बसवलं, यावर बहुतेकांचं एकमत आहे. पण त्याआधी १८६० च्या सुमाराला फ्रान्समध्ये पेरिगो याचं अशाच यंत्राचं पेटंट होतं, आणि व्हिएन्नाकडे इग्नात्स पाउर यानं शतकाच्या सुरुवातीलाच रवा हवेनं निवडायची युक्ती वापरली असं सांगतात. लाक्रोआला फ्रेंच यंत्राची माहिती असावी असा कयास आहे. नंतर जॉर्ज स्मिथ यानं चाळणी तुंबू नये म्हणून खालून फिरणारे ब्रश बसवले, पेटंट घेतलं, आणि नाव व पैसा बराचसा त्याच्याकडे गेला. काही लेखक स्मिथलाच शोधक म्हणतात. कल्पना युरोपातली, मिनेसोटाच्या गव्हाला ती लावून दाखवली लाक्रोआनं, आणि रोजच्या कामाला टिकेल असं यंत्र केलं स्मिथनं, असं मानणं जास्त सयुक्तिक वाटतं. परिणामाबद्दल कोणाचाच वाद नाही, दहा वर्षांत वसंती गव्हाचा मैदा बाजारात सगळ्यात वरच्या भावाला गेला.

पण हा धबधबा हातातून जायची वेळ त्याआधीच येऊन गेली होती. विल्यम ईस्टमन आणि भागीदारांनी निकोलेट बेटावर गिरण्यांना पाणी मिळावं म्हणून नदीखालच्या त्या भुसभुशीत वालुकाश्मातून बोगदा खणायला घेतला, आणि ५ ऑक्टोबर १८६९ ला नदी आत घुसली. गावातली माणसं धावली, भोवऱ्यात ओंडके, दगड, माती, जे सापडेल ते टाकलं, तराफे बुडवले, तरी पाणी वाट काढतच होतं. शेवटी लष्कराच्या इंजिनियरांनी चुनखडीच्या खाली काँक्रीटची भिंत घातली, ती १८७६ मध्ये पुरी झाली, आणि १८८० पर्यंत धबधब्यावर लाकडी उतरंड बसवली. आज दिसतो तो धबधबा असा बांधून थोपवलेला आहे.

दुसरा घाव प्युरिफायरच्याच धुळीचा. हवेचे झोत पिठाची धूळ गिरणीभर उडवत होते, आणि २ मे १८७८ च्या संध्याकाळी वॉशबर्न ए मिलचा स्फोट झाला. रात्रपाळीचे आतले १४ आणि बाजूच्या गिरण्यांतले ४, असे १८ कामगार मेले. कोरड्या फिरणाऱ्या दगडांची ठिणगी धुळीला लागली असा निष्कर्ष निघाला, आणि मिनेसोटा विद्यापीठातल्या पेक व पेकॅम या प्राध्यापकांनी प्रयोग करून दाखवलं की हवेत तरंगणारं पीठ दारूगोळ्यासारखं उडतं. विल्यम द ला बार या ऑस्ट्रियन इंजिनियरनं नव्या गिरणीत धूळ ओढून घेणारी यंत्रणा बसवली, आणि हंगेरीत जाऊन रोलरनं दळण कसं करतात तेही बघून आला. रोलर आले तसे दगड गेले आणि दगडांना टाकी लावणाऱ्या कसबी कारागिरांचं कामही गेलं. या कारागिरांबद्दल आणि एकूणच गिरणी कामगारांबद्दल लिहिलेलं फार थोडं मिळतं. मालकांची चरित्रं मात्र भरपूर आहेत.

वाढीचा वेग लोकसंख्येवरून कळतो : १८७० मध्ये १३,०६६, १८८० मध्ये ४६,८८७, १८९० मध्ये १,६४,७३८. यात १८७२ मध्ये सामील झालेलं सेंट अँथनी आहे, पण मुख्य भर न्यू इंग्लंडहून आणि नंतर स्वीडन, नॉर्वेहून आलेल्यांची. पिल्सबरी ए मिल १८८१ ला सुरू झाली आणि बरीच वर्षं जगातली सगळ्यात मोठी होती. सप्टेंबर १८८२ मध्ये धबधब्यावर वीज केंद्र चालू झालं, विस्कॉन्सिनच्या ॲपलटनच्या काही आठवडे आधी, तरी देशातलं पहिलं जलविद्युत केंद्र म्हणून ॲपलटनचंच नाव जास्त घेतलं जातं. लाकडाचा धंदा १८९९ च्या आसपास शिखरावर होता, पाईनची जंगलं संपली तसा तोही संपला. मैद्याचं शिखर १९१६ चं, १ कोटी ८५ लाख पिंप, एका पिंपात १९६ पौंड. पुढे रेल्वेच्या दरांचा फायदा न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराकडे गेला आणि १९३० मध्ये बफेलो पुढे निघून गेलं.

डकोटांचं ते पवित्र बेट आधी दगडासाठी खणलं गेलं, आणि जे उरलं होतं ते १९६३ मध्ये सुरू झालेल्या लॉकसाठी, म्हणजे बोटी धबधब्याच्या वर-खाली नेणाऱ्या दारांच्या हौदासाठी, काढून टाकलं. लॉक २०१५ मध्ये बंद झालं.