साखर कारखान्यातले 'विभाग' : पार्श्वभूमी

सांगली-साताऱ्याकडच्या साखर कारखान्यांत 'विभाग' हा शब्द तीन अर्थांनी चालतो, आणि ऊसदराच्या वादातला निम्मा घोळ तिथूनच सुरू होतो. शेती, इंजिनिअरिंग, उत्पादन, अकाउंट्स हे कामाचे विभाग. गावं वाटून केलेले ते गट. चिटबॉय, म्हणजे गावात उसाची नोंद-तोड पाहणारा कारखान्याचा माणूस, आणि तोडीची चिठ्ठी तिथली. डिस्टिलरी (मद्यार्क काढणारी), को-जन (वीज तयार करणारं) हे तिसरे, स्वतःचा नफा-तोटा वेगळा दाखवणारे.

ही तिसरी पद्धत अमेरिकेतली. 1921 मध्ये तिथल्या एका स्फोटकांच्या कंपनीनं रंग-रसायनांत उतरल्यावर मालागणिक विभाग पाडले. आपल्याकडं सहकारी कारखाने उभे राहिले तेव्हा त्याची गरजच नव्हती. साखर हाच माल, आणि बगॅस, म्हणजे रस काढल्यावर उरणारा चोथा, घरच्याच बॉयलरला.

वीज विकायला लागल्यावर मात्र प्रश्न आला : मिलकडून को-जनकडं जाणाऱ्या बगॅसचा दर काय धरायचा? ऊस काट्यावर मोजतात, रस मोजतात, मिलवर सोडलेलं पाणीही मोजतात. बगॅसचं वजन बहुतेक ठिकाणी या आकड्यांच्या वजाबाकीतून काढतात. वजन असं हिशेबातलं, आणि घेणारा-देणारा एकच, त्यामुळे दरही कागदावरच ठरतो.

2013 च्या राज्याच्या कायद्यानं या दराला फार वजन आलं. साखर आणि मळी (साखर काढून उरणारा घट्ट पाक), बगॅस, प्रेसमड (रस गाळून उरणारा गाळ) या पहिल्या टप्प्यातल्या उपपदार्थांच्या उत्पन्नाचे 70 टक्के, किंवा नुसत्या साखरेचे 75 टक्के ऊस उत्पादकाला, असं सूत्र आलं. एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, ही त्याखालची किमान पायरी. अल्कोहोल आणि वीज वाटणीच्या बाहेर राहिली. म्हणजे बगॅस आणि मळी स्वस्त धरली की 70 टक्क्यांच्या हिशेबात उसाचा वाटा आक्रसतो आणि नफा पुढच्या विभागात जाऊन बसतो. को-जन किंवा डिस्टिलरी वेगळी कंपनी म्हणून काढली तर सभासदाला तो ताळेबंदही सहजी दिसत नाही. बाजारभावानं दर धरणं आणि तो अहवालात छापणं, एवढी सभासदांची मागणी मला पूर्ण रास्त वाटते.

2018 पासून बी-हेवी मळी (सगळी साखर न काढता आधीच बाजूला घेतलेली) आणि थेट रसाच्या इथेनॉलला वाट मिळाली. डिसेंबर 2023 मध्ये केंद्रानं रसाच्या इथेनॉलवर बंधन घातलं, 2024-25 साठी ते उठवलं. बी-हेवीत साखरेचा काही भाग मळीबरोबर डिस्टिलरीत जातो, त्यामुळे साखर विभागाचा उतारा, म्हणजे उसातून निघालेल्या साखरेची टक्केवारी, कमी दिसतो. एफआरपी उताऱ्यावर ठरते. म्हणून ही घट हिशेबात उताऱ्यात परत जोडावी लागते, आणि ती किती धरायची यावर आता वार्षिक सभा तापतात.