नीतिमत्त्वाच्या पाठीस: एका शब्दाची पार्श्वभूमी

रविवारच्या उपदेशात, तरुण संघात, दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर विश्वास जाहीरपणे पक्का करण्याच्या विधीच्या) वर्गात 'नीतिमत्त्वाच्या पाठीस लाग' हे बायबलचे वचन नाशिकच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये कायम कानावर पडते. प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दोन्ही पत्रांत ते आहे. पण सोमवारी सकाळी दुकान उघडताना किंवा सातपूरच्या कारखान्यात हजेरी लावताना त्याचे करायचे काय, याबद्दल इथे पिढ्यान्‌पिढ्या दोन कल दिसतात.

पहिला कल शरणपूरच्या काळातला. नाशिकमध्ये इंग्रज मिशनऱ्यांचे काम १८३२ मध्ये सुरू झाले आणि १८५० च्या दशकात गावाबाहेर ही ख्रिस्ती वस्ती उभी राहिली. आज शरणपूर रोडवरून जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की अरबी समुद्रातल्या गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले इथे मराठी मुलांसारखीच सुतारकाम-लोहारकाम शिकत होती? त्यांच्यातले बरेच जण १८७५ च्या सुमारास पूर्व आफ्रिकेतल्या मोंबासाजवळच्या मुक्त वस्तीत गेले. अशा वस्तीत घर, काम, शाळा आणि उपासना एकाच कुंपणात. त्यामुळे नीतिमान माणूस म्हणजे ज्याची वागणूक वस्तीला दिसते तो: दारूला न शिवणारा, शब्द पाळणारा, रविवार पाळणारा. नुकत्याच विश्वासात आलेल्या आणि भाऊबंदांनी तोडलेल्या कुटुंबांना या शिस्तीचा मोठा आधार होता, हे नाकारता येत नाही.

दुसरा कल नीतिमत्त्वात खासगी वागणुकीबरोबर न्यायही पाहतो. खरा गुंता 'नीतिमत्त्व' या शब्दाचा आहे. मराठी कानाला तो 'नीतिमत्ते'च्या इतका जवळचा वाटतो की ऐकणारा थेट खासगी चारित्र्यावर जातो. (छापील पत्रकांत तर तो निम्म्या वेळा एका 'त'ने, 'नीतिमत्व' असाच येतो.) मूळ ग्रीक शब्द दिकायोसुने. त्यात न्याय आणि सरळपणा दोन्ही एकत्र आहेत, म्हणूनच काही भाषांतरांनी 'न्यायीपण' हा शब्द घेतला. तो ओबडधोबड वाटतो, पण मला तो अधिक प्रामाणिक वाटतो. आपल्या प्रचलित भाषांतरात, मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात 'नीतिमत्त्वाचे भुकेले व तान्हेले' धन्य म्हटले आहेत, आणि त्याच पुस्तकाच्या सहाव्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत, जिथे दान, प्रार्थना आणि उपास यांची चर्चा सुरू होते, तिथे त्याच ग्रीक शब्दासाठी 'धर्माचरण' आले आहे. वाचणाऱ्याला वाटते, विषय बदलला. तो बदललेला नसतो.

जुन्या करारात हे आणखी ठळक आहे. लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात खरी तागडी आणि खरी वजने ठेवण्याची आज्ञा आहे. तिथे हिब्रूत तागडी, वजने आणि दोन्ही मापे यांना प्रत्येकी 'त्सेदेक' हा शब्द जोडला आहे, म्हणजे अक्षरशः 'नीतिमत्त्वाची तागडी'. मराठीत ती 'खरी' झाली. भाषांतर म्हणून त्यात चूक नाही, पण नीतिमत्त्व हा शब्द बाजारातून उठून देवळात जाऊन बसला. कांद्याच्या गोणीत किलोभर कडता (वजनातली वजावट) कापणे हा नीतिमत्त्वाचा प्रश्न आहे असे मग कुणी उपदेशात म्हणत नाही. पत्ते खेळण्यावर मात्र अख्खा उपदेश होतो.

'पाठीस लागणे' या वाक्प्रचाराने मात्र आपल्या भाषेने मूळ अर्थ शाबूत ठेवला. दिओको या ग्रीक क्रियापदाचा अर्थ मागे धावणे, आणि त्याचाच अर्थ छळणे. 'नीतिमत्त्वाकरिता ज्यांचा छळ झाला' यातला छळ हाच. मराठीतही पोलीस चोराच्या पाठीस लागतात आणि सावकार कुळाच्या. म्हणजे हा निवांत सद्गुण नव्हे, दमछाक आहे.

या पाठलागाला पंथांचा वाद जोडलेला होता. माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो की कृतींनाही त्यात जागा आहे, हे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांचे सोळाव्या शतकातले भांडण मिशनऱ्यांबरोबर इथे आले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीत कॅथलिक आणि (प्रोटेस्टंटांतल्या) लुथरन पक्षांनी या मुद्द्यावरच्या मूलभूत सत्यांबाबत एकमत जाहीर केले. तरी आपल्याकडच्या उपदेशात चांगल्या कामांची बाजू कोणी लावून धरली, की एखादे वडीलधारे अजून कावरेबावरे होतात.

दोन कलांची खरी टक्कर होते ती जात-धर्माच्या एका सरकारी रकान्यात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची सवलत हिंदूंपुरती ठेवली. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध तीत आले, ख्रिस्ती आले नाहीत. बाप्तिस्मा झाला म्हणून गावातली जात सुटत नाही, पण कागदावरचा हक्क सुटतो. म्हणून कितीतरी घरे मंडळीत ख्रिस्ती आणि दाखल्यावर हिंदू राहिली. शरणपुरी शिस्तीचे उत्तर सोपे आहे: खरे लिहा, नुकसान सोसा. माझ्या मते ते उत्तर अर्धेच आहे. खरे लिहिणाऱ्या पोराला जे सोसावे लागते ते सगळी मंडळी वाटून घेत नसेल, आणि तो आदेश बदलावा म्हणून कुणी अर्जसुद्धा करत नसेल, तर त्सेदेकचे वजन एकट्या त्या पोराच्या पारड्यात पडते. २००७ मध्ये एका राष्ट्रीय आयोगाने धर्माची अट काढावी अशी शिफारस केली. २०२२ मध्ये केंद्राने याच प्रश्नासाठी नवा चौकशी आयोग नेमला. दरम्यान दर जूनमध्ये, कॉलेजांचे प्रवेश सुरू झाले की, कुणीतरी आई-बाप दाखल्याची झेरॉक्स घेऊन पाळकांच्या दारात उभे राहतात आणि विचारतात, "पाळकसाहेब, इथे काय लिहू?"