रस्ता नेमका किती रुंद? पिंपरी-चिंचवडमधील पदपथ आणि सायकल मार्गांच्या वादाची पार्श्वभूमी

निगडी प्राधिकरण असो की पिंपळे सौदागर, पदपथ रुंद करण्याचे काम सुरू झाले की पहिली तक्रार ठरलेली असते: ‘रस्ता अरुंद केला.’ गेल्या काही वर्षांत हे वाक्य निवेदनांत, प्रभागाच्या बैठकांत, सोसायट्यांच्या फलकांवर इतक्यांदा आले आहे की पायी चालणाऱ्यांच्या सुरक्षेची सगळी चर्चा त्याच्याभोवतीच फिरते. हे वाक्य आले कुठून, हे कळायला थोडे मागे जावे लागते.

फार मागे नाही. १९५० च्या दशकात पिंपरीत पेनिसिलिनचा कारखाना आला, १९६० च्या दशकात औद्योगिक वसाहत उभी राहिली, १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९७२ मध्ये कामगारांना घरे मिळावीत म्हणून प्राधिकरण स्थापन झाले आणि १९८२ मध्ये महापालिका आली. त्या काळात पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आधी कारखान्यांच्या फाटकांकडे जाणारा रस्ता सायकलींनी भरलेला असे. हँडलला डबा, मागच्या कॅरियरला रेनकोट. या शहराची पहिली वाहतूक ती. पुढच्या आराखड्यांत मात्र तिची नोंद जवळपास नाही.

१९९७ मध्ये १८ गावे महापालिकेत आली. वाकड, रावेत, मोशी, चिखलीतले शिवाररस्ते आणि पाणंदी बघता बघता शहरी रस्ते झाले. दोन्ही बाजूंना सोसायट्या उठल्या, मध्ये डांबर पडले, पण कडेला चालायची जागा राखायचे कोणाच्या ध्यानात आले नाही. लोकसंख्या १९९१ मध्ये ५.१७ लाख होती, २००१ मध्ये १०.१२ लाख झाली, २०११ मध्ये १७.२७ लाख. वीस वर्षांत तिपटीहून अधिक. एवढ्या वेगाने वाढणाऱ्या शहरात आधी वाहनांची सोय झाली.

त्या सोयीचे सर्वांत मोठे काम म्हणजे दापोडी ते निगडी हा जुना पुणे-मुंबई महामार्ग. द्रुतगती मार्ग झाल्यावर लांबची वाहतूक बाहेरून जाऊ लागली आणि शहराच्या पोटातून जाणारा सुमारे साडेबारा किलोमीटरचा हा पट्टा खरे तर शहराचा रस्ता व्हायला हवा होता. झाले उलटे. २००५ नंतर केंद्राच्या नागरी योजनेचा निधी आला आणि ६१ मीटर रुंदीच्या या रस्त्यावर ग्रेड सेपरेटर, म्हणजे चौकातली आडवी वाहतूक वेगळ्या पातळीवरून नेणारे पूल, बांधले गेले. मधला मार्ग सिग्नलविना सुसाट धावणाऱ्या वाहनांना, कडेचा सेवा रस्ता स्थानिक वाहनांना. कारखाने, रेल्वे स्टेशन, बाजार आणि वस्त्या या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहेत. कामगाराला रोज दोनदा तो ओलांडावा लागतो. सेकंदाला १.२ मीटर या नेहमीच्या चालीने ६१ मीटर अंतर कापायला जवळजवळ ५१ सेकंद लागतात, गुडघे दुखणाऱ्या आजीला सव्वा मिनिटाच्या वर. इतका वेळ तिला देणारा सिग्नलच मधल्या मार्गावरून काढून टाकला होता. चौकांपाशी पुलाखालून जाता येते, पण दोन चौकांच्या मध्ये जो अडकला त्याने दुभाजकावरून उडी मारायची किंवा लांबचा वळसा घ्यायचा, एवढेच दोन मार्ग उरले.

त्याच काळात, एप्रिल २००६ मध्ये, राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आले. वाहने नव्हे, माणसे वेगाने हलली पाहिजेत, असे ते सांगत होते. एकाच वेळी एकाच सरकारच्या निधीतून ग्रेड सेपरेटरही झाले आणि बीआरटीही, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकाही, आली. महामार्गावरची बीआरटी मार्गिका मुख्य मार्गाच्या कडेला आणि थांबे मुख्य मार्ग आणि सेवा रस्ता यांच्या मधल्या पट्ट्यात. म्हणजे बस पकडायची तर आधी सेवा रस्ता ओलांडायचा. शिवाय सेवा रस्त्यावरून मुख्य मार्गावर शिरणारी वाहने बसची मार्गिका आडवी छेदतात. इथे त्या जागांना ‘मर्ज इन, मर्ज आउट’ म्हणतात. सुरक्षेच्या याच मुद्द्यावर प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तांत्रिक तपासणी झाली, आणि बांधून तयार असलेल्या मार्गावर बस धावायला ऑगस्ट २०१८ उजाडला. माझ्या मते या शहरात पादचाऱ्याच्या सुरक्षेचा प्रश्न गांभीर्याने कागदावर आला तो या दाव्यामुळे.

आता ‘रस्ता’ या शब्दाकडे. सगळा घोळ इथे आहे.

विकास आराखड्यात १८ मीटर रस्ता असे लिहिलेले असते तेव्हा ती रुंदी एका बाजूच्या हद्दीच्या भिंतीपासून दुसऱ्या बाजूच्या भिंतीपर्यंतची असते. पदपथ, झाडे, पावसाळी गटार, दुभाजक, डांबर, सगळे त्यात आले. बोलताना मात्र आपण रस्ता म्हणतो तो फक्त डांबराला. ‘मुले रस्त्यावर खेळतात’ म्हणजे डांबरावर. ‘रस्ता रुंद झाला’ म्हणजे डांबर वाढले. त्यामुळे आराखड्याच्या भाषेत पदपथ रुंद केला तरी रस्ता १८ मीटरच राहतो आणि बोलण्याच्या भाषेत तो अरुंद होतो. दोघेही खरेच बोलत असतात, पण वेगवेगळ्या वस्तूंविषयी.

एक हिशेब मांडून पाहू. जुन्या पद्धतीच्या १८ मीटर रस्त्याला दोन्ही बाजूंना एकेक मीटरचा पदपथ आहे, उरले १६ मीटर डांबर. त्यावर दोन्ही कडांना मोटारी लावलेल्या. प्रत्येक बाजूला दोन मीटर त्यांत जातात. चालती वाहने उरलेल्या १२ मीटरमधून जातात. आता तोच रस्ता नव्याने आखला: दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटरचा पदपथ, मध्ये एक मीटरचा दुभाजक, आणि तीन मीटरच्या चार मार्गिका. बेरीज पुन्हा १८. चालत्या वाहनांना आधीही १२ मीटर होते, आताही १२ मीटर आहेत. गेली ती फुकट पार्किंगची जागा. पण ‘आमची पार्किंग गेली’ असे निवेदनात लिहिणे अवघड जाते, ‘रस्ता अरुंद झाला’ हे सोपे. विरोध करणाऱ्यांचा रुग्णवाहिका आणि अग्निशामक गाडीचा मुद्दा योग्य आहे आणि त्याला आराखड्यात उत्तर असलेच पाहिजे. पण त्या गाड्या कडेला उभ्या केलेल्या मोटारींमुळेही अडकतात.

मार्गिका तीन मीटरची की साडेतीन मीटरची, हा मुद्दाही किरकोळ नाही. रुंद मार्गिकेवर चालकाचा पाय आपसूक खाली जातो. ताशी ६० किलोमीटरने येणाऱ्या मोटारीत ताशी ३० ने येणाऱ्या मोटारीच्या चौपट ऊर्जा असते. ती अंगावर झेलणाऱ्याला पत्र्याचे कवच नसते. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती.

सायकलच्या बाबतीत घोळ वेगळा, मोजणीचा आहे. देशाच्या १९६२ च्या जुन्या मानकात म्हटले होते की गर्दीच्या तासाला मोटारी १०० ते २०० असतील तर सायकली ४०० झाल्यावर स्वतंत्र मार्ग करावा. मोटारी २०० च्या वर गेल्या तर १०० सायकलीही पुरेत. त्या काळी हा हिशेब उदार होता. आज त्याच विचाराने ‘सायकली दिसतच नाहीत, मग ट्रॅक कशाला’ असे विचारले जाते. सेवा रस्त्यावर बसच्या आणि डंपरच्या मध्ये सायकल घालायला धजावणारे मोजके. जे धजावत नाहीत ते मोजणीत येत नाहीत. जे अजूनही चालवतात त्यांत सुरक्षारक्षक, बांधकामावरचे मजूर, दूधवाले आहेत, आणि ते निवेदने देत नाहीत.

जून २०२० मध्ये टाळेबंदीनंतर केंद्राने शहरांसाठी सायकलविषयक स्पर्धा जाहीर केली, पाठोपाठ पादचाऱ्यांसाठीही. दोन्हींत पिंपरी-चिंचवड विजेत्या ११ शहरांत होते. पिंपळे सौदागर-पिंपळे गुरव पट्ट्यात स्मार्ट सिटीच्या निधीतून रस्त्यांची पुनर्रचना झाली, पुढे निगडी प्राधिकरणासाठी शाळा, उद्याने आणि वस्त्या पायी व सायकलने जोडणारी ‘हरित सेतू’ योजना आली. इथे वाद पेटला, कारण प्राधिकरणातले रस्ते आधीपासून आखीव, झाडांचे आणि ऐसपैस. मला हा विरोध चुकीचा वाटतो, पण त्यामागची चीड समजते. काम आधी आणि चर्चा नंतर, असा अनुभव लोकांना अनेकदा आला आहे.

आणि केलेले काम नेहमी चांगले असते असेही नाही. आमच्या भागातला एक नवा पदपथ मी टेपने मोजला. कागदावर दोन मीटर. त्यात फीडर पिलर, म्हणजे विजेची मोठी पेटी, उभा, पुढे झाडाचा चौथरा. मोकळी जागा उरली ७० सेंटिमीटर. दुचाकी चढू नयेत म्हणून लावलेले बुटके खांब (बोलार्ड) इतके जवळजवळ की व्हीलचेअर आत जात नाही. प्रत्येक सोसायटीच्या फाटकाशी पदपथ खाली उतरतो, पुन्हा वर चढतो. दीडशे पावलांत मी सहा चढउतार मोजले. बाबागाडी ढकलणारी एक तरुण आई दुसऱ्या उताराशीच डांबरावर उतरली आणि पुढे डांबरावरूनच गेली. मानकानुसार निवासी भागातही किमान १.८ मीटर जागा मोकळी हवी, म्हणजे खांब आणि झाड वगळून. मोजायचा तो हा आकडा.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोगा पदपथ हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. ऑक्टोबरमध्ये पादचारी आणि बिगरमोटार वाहनांसाठी सहा महिन्यांत नियम करा, असे राज्यांना सांगितले. त्या नियमांची तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनेच आलेली होती.

महामार्गावर मार्च २०२२ पासून मेट्रो धावते आणि पिंपरीपुढे निगडीकडचे काम सुरू आहे. मेट्रो स्थानकांचे जिने दोन्ही बाजूंना उतरतात. सकाळी कासारवाडीत उभे राहिले की मेट्रोने न जाणारी, फक्त पलीकडे जाण्यासाठी स्थानकाचा जिना चढणारी माणसे दिसतात. हातात डबा, पायात कारखान्याचे बूट.