झडतीनंतरचे दोन कागद: काय नेलं आणि का आले

घरझडती घेऊन पोलीस गेले की दुसऱ्या दिवशी घरची माणसं कोल्हापुरात कसबा बावड्याच्या कोर्टात वकील शोधत येतात. पहिलं वाक्य ठरलेलं: "पंचनाम्याची नक्कल पाहिजे." मी विचारतो, काय नेलं ते कळायला पाहिजे, की का आले ते? बहुतेकांना दोन्ही एकाच कागदात असतं असं वाटतं. तसं नसतं.

काय नेलं, ते जप्तीच्या यादीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा. तिचं कलम 103 (जुन्या कायद्यातलं 100) सांगतं की त्या भागातले किमान दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित पंच बोलवायचे, झडती त्यांच्यासमोर घ्यायची, घरच्या माणसाला हजर राहू द्यायचं. मग जप्त केलेली प्रत्येक वस्तू आणि ती कुठे सापडली ते लिहायचं, पंचांच्या सह्या घ्यायच्या आणि एक प्रत घरच्याला द्यायची. अर्ज नाही, फी नाही.

यातलं 'कुठे सापडली' लोक वाचतच नाहीत. शिवाजी पेठेतल्या एका घरची यादी माझ्याकडे आली होती. 'पिवळ्या धातूचा साज, नग एक, घरातून.' आजी आधी धातूवरच भडकल्या. "माझा साज म्हणे पिवळा धातू!" त्यात पोलिसांचं चुकलं नव्हतं, सोन्याची पारख सराफ करणार, म्हणून ते तसंच लिहितात. चूक पुढे होती. साज किती पानांचा (पान म्हणजे साजातलं एकेक पदक), वजन किती, काही नाही. आणि 'घरातून' म्हणजे कुठून? आरोप नातवावर, साज निघाला आजींच्या लोखंडी पेटीतून, तीही देवघराशेजारच्या खोलीतल्या. तेवढं लिहिलं असतं तर अर्धा वाद तिथंच मिटला असता. शिवाय कागदाच्या खाली 'नक्कल मिळाली' म्हणून सुनेची सही घेतलेली, नक्कल मात्र चार दिवसांनी हातात. प्रत हातात पडल्याशिवाय त्या दोन शब्दांखाली सही करू नका, एवढं मी प्रत्येकाला सांगतो.

का आले, ते दुसऱ्या कागदात, आणि तो घरी कुणी आणून देत नाही. वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर कलम 185 प्रमाणे अधिकाऱ्याने आधी लेखी नोंद करायची: काय शोधायचंय, ते इथेच आहे असं का वाटतं, वॉरंट आणेपर्यंत थांबणं का शक्य नाही. तिची प्रत 48 तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्याकडे गेली पाहिजे. जुन्या कलम 165 मध्ये नुसतं 'ताबडतोब' होतं. तासांचा आकडा नव्या कायद्याबरोबर 1 जुलै 2024 पासून आला. घराचा मालक किंवा तिथे राहणारा न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करून ही प्रत फुकट घेऊ शकतो. लोक यासाठी पोलीस ठाण्याचे हेलपाटे घालतात आणि "साहेब बंदोबस्ताला गेलेत" ऐकून परततात. अर्ज कोर्टात करायचा असतो. झडती वॉरंटवर झाली असेल तर ही नोंद शोधू नका. तिथे वॉरंटच पाहायला मागायचं, तेही दारातच.

झडतीचं चित्रीकरण आता कलम 105 मुळे बंधनकारक आहे, साध्या मोबाईलवर केलं तरी चालतं. ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचं. घरच्याला जागेवर प्रत द्यावी असं मात्र त्या कलमात नाही.

वस्तू परत मागायची वेळ येते तेव्हा उपयोगी पडते ती यादीच. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच सांगितलंय की मुद्देमाल विनाकारण ठाण्यात पडून राहू नये. आजींच्या अर्जाला आम्ही यादी जोडली आणि अंगावर तोच साज असलेला त्यांच्या लग्नातला फोटो. बंधपत्रावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करू अशा लेखी हमीवर, साज सुटला. आवारातल्या बाकावर बसून आजींनी आधी एकेक पान मोजलं, मग पुन्हा मोजलं, आणि मगच तो पदराच्या गाठीत गेला.