रेकॉर्डिंगच्या आधीचा एक तास

मुंबईतला जुलै. बाहेर ३० अंश आणि अंगाला चिकटणारी दमट हवा, आत स्टुडिओत एसीमुळे २० अंश. बासरीवादक, तबलजी आणि तानपुरा घेतलेली गायिका आत येतात. भाडं तासावर, त्यामुळे घाई. पाच मिनिटांत वाद्यं मिळवून पहिला टेक, म्हणजे रेकॉर्डिंगची पहिली फेरी, सुरू होतो. अर्ध्या तासाने तिन्ही वाद्यं तीन वाटांना लागलेली असतात आणि चूक वाजवणाऱ्या कुणाचीच नसते.

बासरीचा सूर तिच्या पोकळीतल्या हवेवर ठरतो. ३० अंशांना ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४९ मीटर असतो, २० अंशांना ३४३. वेग घटला की सूर उतरतो. गणिताने हा फरक अर्धस्वराच्या जवळजवळ एक तृतीयांश भरतो. वादकाच्या श्वासाची ऊब बरीच भरपाई करते, पण नळी तापायला वेळ लागतो आणि वाजवणं थांबलं की ती पुन्हा गार होते. म्हणून पहिल्या टेकमधला मुखडा चौथ्या टेकच्या अंतऱ्याला जोडायला गेलं, की सांधा कानाला टोचतो.

तानपुऱ्याचं नेमकं उलट. गारव्याने तार आकसू पाहते, ताण वाढतो, सूर चढतो. तबल्याचं चामडं पावसाळी हवेत ओलावा पिऊन सैलावतं आणि एसीच्या कोरड्या हवेत तो सोडून ताठ होतं, म्हणजे तोही चढतो, पण त्याच्या सवडीने. लहान स्टुडिओत आवाज नको म्हणून टेकपुरता एसी बंद करतात; मग खोली तापते आणि हीच गोष्ट उलट्या दिशेने सुरू होते.

यावर उपाय एकच आणि तो सोपा आहे: वाद्यं खोळीतून काढून तासभर त्याच खोलीत ठेवायची आणि मगच मिळवायची. तो तास वाया जातो असं वाटणाऱ्यांशी मी नेहमी भांडतो.

या तासात गळ्याचं आणि कानाचंही काम उरकता येतं. गाताना आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो, तसाच कवटीच्या हाडांतूनही. हाडांतून येणारा भाग खर्जाकडे झुकलेला असतो. रेकॉर्डिंगमध्ये तो नसतो, म्हणून स्वतःचा आवाज पातळ, परका वाटतो. नवी गायिका इथे हमखास बिचकते. तिला आधी दोन-चार ओळी गाऊन ऐकू द्याव्यात, म्हणजे बिचकणं टेकच्या आधीच संपतं. हेडफोनमध्ये ट्रॅक, म्हणजे साथीचं संगीत, मोठा ठेवला तर गळा नकळत जोर लावतो. गोंगाटात माणूस आवाज चढवतो हे एतिएन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये नोंदवलं होतं. ट्रॅक थोडा कमी करा, किंवा एक कान उघडा ठेवा. मात्र त्या बाजूचा हेडफोन डोक्याला दाबून ठेवा, नाहीतर त्यातली क्लिक, म्हणजे लय धरायची टिकटिक, माइकमध्ये शिरते.

माइकसमोर मराठीची स्वतःची एक अडचण आहे. ‘भ’ आणि ‘फ’ म्हणताना तोंडातून हवेचा झोत सुटतो. ‘भरून आलं आभाळ’ असं तळहात तोंडासमोर धरून म्हणून पाहा. हा झोत माइकच्या पडद्यावर आदळला की ‘धप्’ असा आवाज उमटतो. मध्ये जाळी लावा आणि तोंड माइकच्या नाकासमोर न धरता किंचित बाजूला वळवा. बांगड्या, घड्याळ, कडक इस्त्रीची सुती साडी हे सगळं माइकला ऐकू येतं.

शेवटी आवाजाची पातळी. चाचणीला सगळे हळू गातात आणि खऱ्या टेकमध्ये तार षड्ज सगळा जीव ओतून लावतात. तिथे लाट मर्यादेबाहेर गेली की तिचा माथा छाटला जातो आणि नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरला तो जसाच्या तसा परत आणता येत नाही. २४ बिटच्या डिजिटल रेकॉर्डिंगला सर्वांत हळू ते सर्वांत मोठ्या आवाजापर्यंत तत्त्वतः १४४ डेसिबलचा पल्ला असतो, १६ बिटला ९६. त्यामुळे पातळी मर्यादेच्या १०-१२ डेसिबल खाली ठेवली तरी काही हरवत नाही. चाचणीला गाण्यातली सर्वांत चढी ओळ गा, तीही पूर्ण गळ्याने.